उमगत नाही म्हणणारे हाश्मी वकील

कोर्टात मी अठ्ठावीस वर्षं टंकलेखन केलं. वकिलांची हजारो वाक्यं माझ्या बोटांखालून गेली. त्यातली बहुतेक ‘हे उघड आहे की’ नाहीतर ‘यात तिळमात्र शंका नाही की’ अशी सुरू व्हायची. ‘मला हे उमगलेलं नाही’ असं भर कोर्टात उभं राहून म्हणणारा वकील मला एकच भेटला. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा हे वाक्य घ्यायचं की सोडायचं, मला कळेना. मी मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, तेही कळलं नाही. मी टाईप करून टाकलं.

ते वकील म्हणजे अब्दुल वहीद हाश्मी. मी परभणीला नोकरीला लागले तेव्हा त्यांनी पंचावन्नी ओलांडली असावी. उंच, पुढं जरा वाकलेले, काळा कोट खांद्यावर विटून हिरवट झालेला. आजोबा निजामाच्या काळातले काझी. आसपासच्या गावांतले निकाह त्यांच्या रजिस्टरात चढायचे. हाश्मीसाहेब स्वतः हैदराबादला उर्दूतून कायदा शिकले. सनद घेऊन परत आले आणि वर्ष-दोन वर्षांत निजामाचं राज्य गेलं, कोर्टात इंग्रजी आली. इंग्रजी हाताखाली येतेय तोवर जिल्हा महाराष्ट्रात आला आणि मराठी सुरू झाली.

"तीनदा कायदा शिकलो बाई," ते मला म्हणायचे, "आन् तिन्ही खेपंला येगळाच निघाला."

त्यांची टिपणाची वही मी पुष्कळदा पाहिली आहे. पक्षकाराचं म्हणणं ते मराठीत डावीकडून लिहीत आणि कायद्याचे मुद्दे उर्दूत उजवीकडून. दोन्ही ओळी एकमेकींकडे चालत यायच्या आणि मध्ये बोटभर जागा कोरी राहायची. मी एकदा विचारलं, ही जागा कशाला. तर म्हणाले, "दोघांचं जुळलं तर तिथं लिहीन."

सायकल होती त्यांच्याकडे, पण तिच्यावर बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. कोणीतरी सोबत असायचंच आणि मग सायकल हातात धरून पायी. आणखी एक खोड म्हणजे ते समोरच्या पक्षाच्या वकिलालाच कायदा विचारायचे. "तुमचा मुद्दा मला जरा समजावून सांगा बरं." लोकांना वाटायचं यात काहीतरी डाव आहे. डाव नसायचा, त्यांना खरोखरच समजून घ्यायचं असायचं. एका नव्या वकिलानं व्हरांड्यात अर्धा तास उभं राहून त्यांना आपली बाजू समजावली आणि समजावता समजावताच त्याला आपल्या बाजूतलं भोक दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तडजोड केली. बाररूममध्ये यावरून हसू व्हायचं. ‘उमगंना वकील’ असं नाव पडलं होतं. ज्यांच्याकडे कोणी बघत नाही असे पक्षकार त्यांच्याकडे यायचे.

कौसाबाई त्यातलीच. पूर्णा तालुक्यातल्या एका खेड्यातली, बौद्ध घरातली. तिशीची असेल. नवरा झेडपीच्या शाळेत मास्तर होता आणि त्यानं दुसरं लग्न केलं होतं. हिचं म्हणणं एवढंच की मी जिवंत असताना दुसरी केली, त्याला शिक्षा झाली पाहिजे. विद्यापीठाच्या नावावरून दंगल झाली त्या अठ्ठ्याहत्तर सालात तिच्या माहेरची घरं जळाली होती. त्यानंतर दीड-दोन वर्षांनी ही केस उभी राहिली.

इथं माझ्याबद्दल एक सांगायला हवं. माझं माहेर झरीचं, शेतकऱ्याचं घर. त्या वर्षांत आमच्या घरी जेवताना नामांतराच्या विरोधात बोललं जायचं. मी कधी होकार दिला नाही, पण नकोही म्हटलं नाही. ताटात बघत जेवायची. तेव्हा कौसाबाई साक्षीच्या पिंजऱ्यात आली त्या दिवशी मीही टाईपरायटरवर अगदी स्वच्छ मनानं बसले होते असं नाही.

मास्तरच्या वकिलाचा मुद्दा असा होता. लग्नाच्या कायद्यात बौद्ध माणूस हिंदूच धरला जातो. मग त्या कायद्याप्रमाणं लग्न झालं हे दाखवायचं तर रूढीप्रमाणं विधी झाले पाहिजेत. इथं सप्तपदी नाही, होम नाही. दोघं पांढऱ्या कपड्यात उभे राहिले, मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि हार घातले. ही चाल छप्पन सालच्या धर्मांतरानंतरची, तिला रूढी कशी म्हणायची? म्हणजे पहिलं लग्न सिद्धच होत नाही. आणि पहिलंच नाही तर दुसरं कसलं?

साक्षीला सुरुवात झाली. नाव, वय, धंदा लिहून झालं. धर्म विचारला तेव्हा ती म्हणाली, "बौद्ध."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मला सांगितलं, "हिंदू, कंसात बौद्ध."

मी तसं टाईप केलं. साक्ष संपल्यावर कागद तिच्यापुढं सहीला गेला. ती चौथी शिकलेली होती. तिनं बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"हे हिंदू कोन लिवलं?"

साहेब भले होते. त्यांनी समजावलं की बाई, या कायद्यापुरता तसा अर्थ आहे, तुमच्या धर्माला कोणी हात लावत नाही. उलट तुम्ही या कायद्यात आहात म्हणूनच नवऱ्यावर दुसऱ्या लग्नाचा गुन्हा चालतोय.

ती म्हणाली, "साहेब, मी अडाणी हाय. माझा भाऊ रेल्वेत नोकरीला अर्ज करायला गेला, तर तिथं म्हणले तुमी हिंदू न्हाई, बौद्ध हाव, दिल्लीची सवलत न्हाई. इथं म्हणायलेत तुमी हिंदूच हाव. मंग आमचं घर जाळायला आले, त्या लोकायला हे कुणी सांगितलं न्हवतं का?"

ती हे मोठ्यानं बोलली नाही. विचारायचं म्हणून विचारलं. माझी बोटं कळांवर होती आणि मला एकदम आमच्या घरातली जेवणाची पंगत आठवली.

हाश्मीसाहेब उठले. "साहेब, या बाईंनी जे इचारलं, ते मलाबी उमगलेलं न्हाई. जरा उमगू द्या. तारीख द्या."

तेच ते वाक्य. साहेबांनी तारीख दिली, आणि ‘हिंदू’ हा शब्द आणि पुढचा कंस खोडून बाजूला सही केली. कौसाबाईनं मग आपली सही केली.

तो खटला ती हरली. लग्नाचे विधी सिद्ध झाले नाहीत म्हणून मास्तर सुटला. निकालाच्या दिवशी हाश्मीसाहेब व्हरांड्याच्या पायरीवर तिच्याशेजारी बसून होते. मी पाणी प्यायला बाहेर आले तर त्यांनी मला थांबवलं. "बाई, तुमीच सांगा. ती हिंदू म्हणून घेत न्हाई तर कायद्याच्या भायेर जाते. म्हणून घेतलं, तर कायदा म्हणतो हिंदूवानी लग्न का न्हाई केलं. तिनं उभं राहायचं कुठं?"

मी पाणी पिऊन आत गेले.

पण आठ-दहा दिवसांनी ते नवा अर्ज घेऊन आले. पोटगीचा, कलम एकशे पंचवीसचा. हे कलम त्यांचं फार लाडकं. "या कलमाला जातधर्म न्हाई बाई. कोन उपाशी हाय आन् कुणाला खाऊ घालायची ऐपत हाय, एवढंच इचारतं." मास्तरानं इथंही लग्न झालंच नाही असं म्हणून पाहिलं. हाश्मीसाहेब तोवर बस धरून त्याच्या शाळेत जाऊन आले होते. कौसाबाईच्या मुलाचं नाव तिथंच पहिलीत घातलेलं होतं, आणि ते दाखल रजिस्टरात मास्तरानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं. मुलाचं नाव, बापाचं नाव आणि आईच्या रकान्यात कौसाबाई, ‘पत्नी’. रजिस्टर कोर्टात आलं तेव्हा मास्तर स्वतःचं अक्षर बघत बसला. अर्ज मंजूर झाला.

कौसाबाईनं परभणीत दोन खोल्या घेतल्या आणि खानावळ सुरू केली. खेड्यांतून कॉलेजला आलेली पोरं जेवायला यायची. दंगलीनंतर गावाकडं जायला नको म्हणणारीही त्यात होती. हाश्मीसाहेब कोर्ट सुटल्यावर कधी कधी तिथं भाकरी खायचे. बाररूममध्ये यावरही बोललं जायचं. त्यांच्या कानावर ते गेलं असेल, त्यांनी काही बदललं नाही.

यानंतर पाच-सहा वर्षांनी जे घडलं, ते मात्र त्यांच्या घरातलं होतं.

हाश्मीसाहेबांना मूलबाळ नव्हतं, बायको लवकर वारली. विधवा बहीण जैनबआपा आणि तिचा मुलगा अनीस यांना त्यांनी घरी आणलं होतं. अनीसला त्यांनीच वाढवला, शिकवला, त्याचं लग्न त्यांनीच लावलं. अनीस नांदेडला एका ट्रान्सपोर्टमध्ये लागला. त्याची बायको शहनाज आणि तान्ही मुलगी इथंच आपाजवळ होत्या. एक दिवस नांदेडहून पोस्टकार्ड आलं. त्यात तलाक लिहिलेला होता. कार्ड आपाच्या हातात पडलं आणि तिला वाचता येत नसल्यामुळं तिनं ते शहनाजलाच वाचायला दिलं.

शहनाज काही दिवस त्याच घरात राहिली. मग आपाला ते जड व्हायला लागलं. तलाक झालेल्या सुनेनं घरात कसं राहायचं, लोक काय म्हणतील. मुलगी दीड वर्षाची होती. शहनाजचे आईबाप नव्हते. हाश्मीसाहेबांनी आधी भाच्याला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. मग त्यांनी त्याच्याविरुद्ध एकशे पंचवीसचा अर्ज लिहिला आणि माझ्याकडे टाईप करायला आणला. अर्जदाराचं नाव शहनाज, विरुद्ध पक्ष अनीस, आणि त्याच्या नावाखाली कायमचा पत्ता हाश्मीसाहेबांच्याच घराचा.

मी म्हटलं, "साहेब, दुसऱ्या वकिलाकडे द्या ना."

"दुसऱ्याला त्यो पोरगा म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "मला म्हाईत हाय. त्याला भूक सहन हुत न्हाई. लहानपणी आठ वाजले की रडायचा."

त्याच सुमारास सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की तलाक झालेल्या मुसलमान बाईलाही या कलमाखाली पोटगी मिळेल. देशभर गदारोळ उठला. परभणीतही मोर्चे निघाले. शरियतमध्ये सरकारनं पडू नये म्हणणारे होते आणि सगळ्यांना एकच कायदा करा म्हणणारेही होते. दोन्हीकडच्या लोकांनी हाश्मीसाहेबांना बोलावलं. काझीचा नातू, जुना वकील, नमाजी माणूस, त्यांनी बोलावं असं दोघांनाही वाटत होतं. ते दोन्ही सभांना गेले. तिथं काय बोलले ते दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला सांगितलं. मला वाटतं कोणाला तरी सांगणं त्यांना गरजेचं होतं.

"पहिल्या सभेत मी म्हणलो, शरियत मी तुमच्यापेक्षा थोडी जास्त वाचलेली हाय. तिच्यात बाईला असं वाऱ्यावर सोडा असं लिवलेलं मला घावलं न्हाई. तर लोक खवळले. दुसऱ्या सभेत म्हणलो, एक कायदा करा, पण दंगलीत तुमी कुठं व्हता ते आधी सांगा, मंग मी इश्वास ठेवतो. तेबी खवळले."

"मग तुमचं म्हणणं काय?" मी विचारलं.

ते म्हणाले, "मी दोन्ही सभांत पोरीचं नाव कुणी घेतंय का बघत व्हतो. कुणी न्हाई घेतलं. मी बी न्हाई घेतलं. घरातली गोष्ट, कसं घ्यायचं?"

जैनबआपानं त्या आठवड्यात त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्याआधी एकच विचारलं, ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. "भाईजान, तुम किसके हो? सीदा बोलो. भांजे के हो या उसके? दीन-मजहब के हो या कोरट के?" आणि यांनी उत्तर दिलं, "मेरेकू बी समझा नई, आपा." ती उठली आणि आपल्या खोलीत गेली. पुढं त्या घरात दोन चुली पेटायला लागल्या.

शहनाजला तिच्या मुलीसकट कौसाबाईनं आपल्याकडं नेलं. हाश्मीसाहेबांनी विचारलंही नव्हतं. ती स्वतःच एक दिवस घरी आली, शहनाजची पेटी उचलली आणि म्हणाली, "माझ्याकडं भाकऱ्या करायला बाई लागतीय." खानावळीतली चार-सहा पोरं मुसलमान बाईच्या हातचं नको म्हणून गेली. कौसाबाईनं त्यांना थांबवलं नाही. ज्यांनी स्वतः दंगल सोसली, ज्यांनी जायला नको होतं, तीही त्यात होती, असं ती मला नंतर म्हणाली. तिला त्याचं जास्त लागलं होतं.

अर्ज चालू असतानाच नवा कायदा झाला. मुसलमान बाईच्या तलाकाचा वेगळा कायदा. अनीसचा वकील उठून म्हणाला की आता एकशे पंचवीस हिला लागू नाही. इद्दतीचे, म्हणजे तलाकनंतर बाईनं थांबायच्या मुदतीचे, तीन महिने होऊन गेले, तेवढ्याचं काय ते घ्यावं आणि विषय संपवावा.

त्या दिवशी कौसाबाई शहनाजबरोबर कोर्टात आली होती. बाहेर आल्यावर तिनं वकीलसाहेबांना विचारलं, "वकीलसाब, मला मिळालं तवा तुमी म्हणलात ह्या कलमाला धर्म न्हाई. आता ही आली, तर कलम धर्म इचारायलंय. कवा बदललं?"

"गेल्या म्हयन्यात," ते म्हणाले.

"काहून?"

"लोकायचं मन राखायला."

"कोनत्या लोकायचं?" तिनं शहनाजकडं बोट केलं. "हीबी त्यातलीच हाय ना?"

हाश्मीसाहेब सायकल धरून उभे होते. घंटीच्या टोपीवरून अंगठा फिरवत राहिले.

पुढचे दोन महिने त्यांनी तो नवा कायदा वाचला. लहानसाच होता, चार-पाच पानांचा. मी त्यांना तो बाररूममध्ये, झाडाखाली, झेंड्याच्या कट्ट्यावर वाचताना पाहिलं. एक दिवस माझ्या टेबलापाशी आले आणि कागदावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, हे वाचा. नवऱ्यानं इद्दतीच्या मुदतीच्या आत वाजवी तजवीज करावी. आता ‘आत’ म्हणजे काय?"

"म्हणजे तीन महिन्यांच्या आत."

"आत द्यायची. बरूबर. पण किती दिवसांसाठी द्यायची?"

मी पुन्हा वाचलं. ते लिहिलेलं नव्हतं.

"न्हाई ना लिवलेलं?" ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, उलट घाबरल्यासारखे दिसत होते. "सगळे म्हणायलेत तीन म्हयन्यांपुरतं. सभेतले म्हणायलेत, पेपरातले म्हणायलेत. मला एकट्यालाच काहून दुसरं दिसायलंय? माझंच चुकत असंल."

त्यांनी नव्या कायद्याखाली वेगळा अर्ज दिला आणि हाच मुद्दा मांडला. तीन महिन्यांच्या आत तजवीज करायची, पण ती पुढच्या सगळ्या आयुष्याची. मांडताना दोनदा अडखळले. आजोबांच्या वेळचा कुठलासा अरबी शब्द आठवून त्याचा अर्थ साहेबांना सांगू लागले, मग म्हणाले, "हे मला पक्कं सांगता येत न्हाई." समोरच्या वकिलानं हसून पाहिलं. पण मॅजिस्ट्रेटसाहेबांनी अर्ज मंजूर केला. निकालपत्र मीच टाईप केलं. ‘आत’ हा शब्द त्यात सात-आठ वेळा आला होता.

अनीस वरच्या कोर्टात गेला आणि सेशनमध्ये निकाल फिरला. तिथल्या साहेबांना तीन महिन्यांचाच अर्थ बरोबर वाटला. हाश्मीसाहेबांनी औरंगाबादला हायकोर्टात प्रकरण नेलं. तिथं ते पडून राहिलं. दुसऱ्या एका हायकोर्टानं त्यांच्यासारखाच अर्थ काढल्याचं मध्येच कळलं, तिसऱ्यानं उलटा काढल्याचंही कळलं. दर खेपेला ते मला येऊन सांगायचे आणि खांदे उडवायचे. एकदा म्हणाले, "बरं वाटलं. मोठ्या साहेबांचं बी आमच्यासारखंच हाय."

दोन वर्षांनी शहनाजच त्यांना म्हणाली, "मामू, बस करो अब. मी शिकते." अनीस मामू म्हणायचा, म्हणून तीही मामू म्हणायची. दिवसा भाकऱ्या करून तिनं दहावीची परीक्षा दिली, पहिल्यांदा नापास झाली, मग पास झाली. कौसाबाईचा मुलगा तिला गणित शिकवायचा.

आणि एका शुक्रवारी जैनबआपा खानावळीच्या दारात आली. नातीला बघायला. आत आली नाही. कौसाबाईनं पोतं टाकलं तर बाहेरच बसली, मुलीला मांडीवर घेतलं, शहनाजशी बोलली नाही. पण पुढच्या शुक्रवारी पुन्हा आली. मग दर शुक्रवारी यायला लागली. हाश्मीसाहेब त्या वेळी गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून उभे असायचे. आपा निघाली की ती पुढं आणि हे दहा पावलं मागं, सायकल हातात घेऊन, असे दोघं घरी जायचे. मी कितीदा पाहिलं आहे. ती मागं वळून बघायची नाही, पण रस्ता ओलांडताना थांबायची. हे जवळ आले की मग ओलांडायची.

दिल्लीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, नोकऱ्यांत बौद्धांना सवलत मिळाली त्या साली कौसाबाईच्या भावाचं वय निघून गेलेलं होतं. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. जुनं नाव ठेवून पुढं नवं जोडलं. त्या दिवशी कौसाबाईनं खानावळीत शिरा केला होता, येईल त्याला वाढत होती. मीही गेले. घरी सांगून गेले नाही, हे कबूल करते. हाश्मीसाहेब आधीच येऊन बाकड्यावर बसले होते. वकिली त्यांनी सोडली होती, एका डोळ्यानं दिसत नव्हतं.

"कौसाबाई," ते म्हणाले, "जुनं बी ठेवलं, नवं बी जोडलं. सोळा वर्षं गेली, माणसं गेली. आता बदललं ते काय?"

तिनं पळीभर शिरा त्यांच्या ताटलीत घातला. "नाव बदललं की, वकीलसाब. तेच मागितलं व्हतं."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि मान हलवली. "हे उमगलं," म्हणाले आणि शिरा खाल्ला. दुसरं काही त्यांना उमगल्याचं मी कधी ऐकलं नाही.

त्याच उन्हाळ्यात माझी बदली जिंतूरला झाली होती. शहनाजला तोवर चारठाण्याला अंगणवाडीत मदतनिसाचं काम मिळालं होतं. मे महिन्यात रविवारी मी तिला भेटायला गेले तर हाश्मीसाहेब तिच्याकडं आलेले. मुलगी दहा वर्षांची झाली होती. हाश्मीसाहेबांना ती नाना म्हणायची; तिला आपल्या गावातली जुनी देवळं नानांना दाखवायची होती, म्हणून आम्ही सगळे दुपारीच निघालो. ऊन भयंकर होतं. एका पडक्या देवळापाशी पोचलो. शिखर ढासळलेलं, खांब उभे, गाभाऱ्यात अंधार. मुलगी पळत आत गेली, मागून शहनाज.

मी वळून पाहिलं तर हाश्मीसाहेब बाहेरच्या फरशीवर थांबलेले. पायातले बूट काढून त्यांनी हातात घेतले होते.

"बाई," त्यांनी मला विचारलं, "हे देऊळ चालू हाय का बंद हाय?"

मला माहीत नव्हतं. सावलीला एक राखणदार बसला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "आत मूर्ती न्हाई साहेब, बूट घालून जावा. पण शिवरात्रीला बाया येतात फुलं वाहायला."

हाश्मीसाहेबांनी ते नीट ऐकून घेतलं. बूट पायात घालायला वाकले, मग सरळ झाले. खाली ठेवावेत तर तेही केलं नाही. आतून मुलगी ओरडली, "नाना, आओ ना, इथं सगळे चपला घालूनच येतात."

"आलो," ते म्हणाले.

आणि ते निघाले. फरशी तापलेली होती. एका हातात बूट, दुसरा हात खांबावर टेकवत, पाय चटचट उचलत, जवळजवळ नाचल्यासारखे, ते बहात्तर वर्षांचे गृहस्थ उन्हातून आतल्या सावलीकडं चालत गेले.